हेमकुंडाचा चढ: पहिल्यांदाच जाणाऱ्या मित्रांच्या गटासाठी

हेमकुंड साहिब हा उत्तराखंडात डोंगरावरच्या तलावाकाठी असलेला गुरुद्वारा, आणि घांघरिया हे त्याच्या वाटेवरचं शेवटचं मुक्कामाचं ठिकाण. घांघरिया ते हेमकुंड अंतर सहा किलोमीटर. सह्याद्रीत नेमाने फिरणाऱ्याला हा आकडा किरकोळ वाटतो. दोन-अडीच तासांत उरकेल असा. पण आकडे जरा शेजारी-शेजारी मांडून पाहा. घांघरिया ३,०४९ मीटरवर, तलाव ४,३२९ मीटरवर. सहा किलोमीटरांत १,२८० मीटर चढ, म्हणजे दर किलोमीटरला दोनशे मीटरांहून जास्त. अतकरवाडीतून सिंहगड चढताना साधारण ६०० मीटर चढावं लागतं. तो सिंहगड इथे दोनदा, पाठोपाठ, मधे सपाटी नाही. आणि हा चढ सुरू होतो तोच कळसूबाईच्या माथ्याच्या (१,६४६ मीटर) जवळजवळ दुप्पट उंचीवरून. तलावाशी हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांच्या आसपास असतो. मुंबईत एका श्वासात मिळतो त्याच्या साठ टक्क्यांच्या आसपासच प्राणवायू तिथल्या श्वासात मिळतो.

पाय तयार करता येतात. शरीराला उंचीची सवय मात्र घरी बसून लावता येत नाही, ती तिथे जाऊनच लागते आणि तिला दिवस लागतात. या लेखातलं एकच काही पाळणार असाल तर हे पाळा: घांघरियाला पोचल्याच्या दुसऱ्याच दिवशी हेमकुंडाला निघू नका. मधे एक दिवस ठेवा. सुट्टी कमी आहे म्हणून हाच दिवस आधी कापला जातो, आणि गटातले एक-दोघं अर्ध्या वाटेवरून डोकं धरून परत येतात, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

कधी जायचं

हेमकुंड साहिबचे दरवाजे मेच्या शेवटच्या दिवसांत उघडतात आणि साधारण १० ऑक्टोबरला बंद होतात. बाकी काळ सगळं बर्फाखाली. उघडल्यापासून जूनच्या मध्यापर्यंत वरच्या टप्प्यात बर्फ असतो, तलावही पुष्कळसा गोठलेला. फोटोला छान, नवख्याला अवघड. जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस. फुलं याच काळात, पण ऋषिकेशपासूनच्या रस्त्यावर दरडीही याच काळात. ऑगस्टचा शेवटचा आठवडा ते सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंतचा काळ पहिल्या खेपेला आम्ही सुचवू: पाऊस ओसरायला लागलेला, वाट बर्फाविना, ब्रह्मकमळं अजून शिल्लक. ऑक्टोबरमध्ये आकाश स्वच्छ असतं, पण पहाटेची थंडी चांगलीच बोचते.

ब्रह्मकमळाचं आलंय तर सांगून टाकू. आपल्याकडे गॅलरीतल्या कुंडीत रात्री फुलतं आणि ज्याचे फोटो सगळ्या ग्रुपवर फिरतात, ते निवडुंगाच्या जातीचं झाड. हेमकुंडाच्या वाटेवरचं ब्रह्मकमळ वेगळं: वीतभर-हातभर उंचीचं रोप, खडकांच्या बेचक्यात, फिकट पिवळसर-हिरव्या कागदी पाकळ्यांच्या आत जांभळट गोंडा. उत्तराखंडचं राज्यफूल आहे. तोडायचं नाही.

आधीचे दोन महिने

निदान आठ आठवडे हातात ठेवा. जिममधल्या सपाट ट्रेडमिलचा इथे फार उपयोग नाही, पायऱ्या हव्यात. दहा मजले म्हणजे साधारण तीस मीटर. पाठीवर पाच-सहा किलोची सॅक घेऊन दहा मजले दहा वेळा चढता आले की तीनशे मीटर होतात. पुण्यात असाल तर पर्वतीच्या १०३ पायऱ्या आहेतच. उतरताना लिफ्ट घेऊ नका. हेमकुंडाला गुडघे जातात ते उतरताना, चढताना नाही, आणि उताराचा सराव फार कमी जण करतात.

शेवटच्या महिन्यात एक परीक्षा घ्या. सहा किलोची सॅक लावून एकाच दिवशी सिंहगड दोनदा चढा-उतरा. दुसऱ्या फेरीनंतर दुसऱ्या दिवशी नीट चालता येत असेल तर पाय तयार आहेत. नसेल येत, तर महिनाभर पुढे ढकला किंवा कंडी (माणसाच्या पाठीवरची बसायची टोपली) वा घोड्याचा विचार मनात ठेवा; त्यात कमीपणा नाही.

रक्तदाब, दमा, हृदयाचा त्रास असेल किंवा कुणी गरोदर असेल तर आधी डॉक्टर. उंचीच्या त्रासावरचं अ‍ॅसिटाझोलामाइड (डायमॉक्स) घ्यायचं की नाही हेही त्यांनाच विचारा. प्रतिबंधासाठी सहसा १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढायला लागण्याच्या आदल्या दिवसापासून देतात. सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी असेल तर ते आवर्जून सांगा. या गोळीने लघवी वाढते, बोटांना मुंग्या येतात; ते पाहून घाबरायचं नाही. मित्राच्या डब्यातली गोळी मात्र घ्यायची नाही.

सामान

यादी लांबवण्यात अर्थ नाही. पाच-सहा गोष्टींवर सगळं अवलंबून आहे.

बूट घोट्यापर्यंतचे, खोल खाचांच्या तळव्याचे, आणि निदान पन्नास किलोमीटर चाललेले. नवे बूट घालून इथे येऊ नका. मापापेक्षा अर्धा नंबर मोठे घ्या, कारण उतरताना बोटं पुढे सरकतात आणि नखं काळी पडतात. निघण्याच्या आदल्या रात्री पायाची नखं कापा.

अंगाला लागून सुती कपडा नको. घामाने भिजलेला सुती बनियन थांबल्या-थांबल्या गार पडतो आणि वर वारा असतो. पॉलिस्टरचा टीशर्ट, त्यावर फ्लीस, सगळ्यावर पावसाचं जॅकेट. जीन्स घरीच राहू दे. पाँचो सॅकसकट अंग झाकतो म्हणून बरा, पण बर्फावर किंवा वाऱ्यात तो पायांत येतो. सॅकच्या आत मोठी प्लास्टिकची पिशवी घालून तिच्यात कपडे ठेवा. बाहेरच्या रेनकव्हरवर एकट्यावर विसंबू नका.

काठ्या दोन. एकच असेल तर तीही चालेल, पण उतारावर दोन हव्यातच. मेच्या शेवटी किंवा जूनमध्ये जात असाल तर बुटांवर चढवायचे मायक्रोस्पाइक. बाकी टोपी, हातमोजे, गॉगल, सनस्क्रीन, डोक्यावर बांधायची बॅटरी, मोज्यांचे दोन जादा जोड, शिट्टी. हेमकुंडाच्या दिवशी पाठीवर पाच किलोपेक्षा जास्त ओझं नको. त्यातले दोन किलो पाणीच असतं.

रोख पैसे जोशीमठातूनच काढून घ्या. पुढे एटीएमवर भरवसा ठेवण्यात अर्थ नाही, आणि मोबाइलचं नेटवर्क आलं-गेलं असतं, त्यामुळे पैसे मोबाइलवरून देता येतील असं धरून चालू नका.

घांघरियापर्यंत

उत्तराखंड सरकारच्या चारधाम यात्रा नोंदणीत हेमकुंड साहिबही आहे. प्रत्येकाची वेगळी नोंदणी करा आणि तिची छापील प्रत जवळ ठेवा.

हरिद्वार किंवा ऋषिकेशहून जोशीमठ (आता अधिकृत नाव ज्योतिर्मठ) हा अडीचशे किलोमीटरच्या आसपासचा घाटरस्ता. दहा तास धरा, दरड असेल तर कितीही. डोंगरात रात्रीची वाहतूक थांबवतात, म्हणून पहाटे पाच-साडेपाचला निघायचं. मुक्काम जोशीमठातच करा. ते साधारण १,९०० मीटरवर आहे आणि शरीराला पहिली पायरी म्हणून ही उंची बरोबर आहे.

दुसऱ्या दिवशी गोविंदघाट, वीस-बावीस किलोमीटर. तिथून पुलना गावापर्यंत चार किलोमीटर शेअर जीप. पुलन्याहून घांघरिया नऊ-दहा किलोमीटर चालत. २०१३च्या पुरात लक्ष्मणगंगेने इथली जुनी वाट बऱ्याच ठिकाणी खाल्ली. भ्यूंडार गावापर्यंत वाट सुसह्य आहे, पूल ओलांडल्यावर शेवटचे तीन किलोमीटर खडे. पाच ते सहा तास लागतात. मोठी सॅक खेचरावर किंवा पिठ्ठूकडे (पाठीवर ओझं वाहणाऱ्याकडे) देऊन टाका. दर ठरवून, पावती घेऊन, आणि औषधं, जॅकेट, पाणी स्वतःजवळ ठेवून. सामान तुमच्या आधी पोचेल की नंतर, हे सांगता येत नाही.

घांघरियात गुरुद्वारा, गढवाल मंडल विकास निगमचं विश्रामगृह आणि लहान हॉटेलं आहेत. हंगामात खोल्या आधी ठरवून ठेवा. वीज जाते-येते, तेव्हा पॉवर बँक भरलेली आणा.

मधला दिवस

हा दिवस झोपून काढायचा नाही. फुलांच्या दरीत जा. घांघरियातून वर निघाल्यावर थोड्याच अंतरावर वाट फुटते: डावीकडे फुलांची दरी, उजवीकडे हेमकुंड. वन खात्याच्या चौकीवर परवाना मिळतो, दुपारनंतर आत सोडत नाहीत आणि संध्याकाळी पाचच्या आत बाहेर यावं लागतं. दरीत मुक्काम करता येत नाही. सावकाश चार-पाचशे मीटर चढून परत खाली झोपायला येणं, हेच उद्याच्या चढासाठी शरीराला हवं असतं.

दिवसभर पाणी प्या, लघवीचा रंग फिका राहील इतकं. संध्याकाळी पोट भरून भात-डाळ खा. भूक मरणं हे उंचीच्या त्रासाचं पहिलं लक्षण असू शकतं, त्यामुळे गटात कोण जेवत नाही याकडे लक्ष ठेवा. दारू आणि झोपेच्या गोळ्या पूर्ण वर्ज्य; दोन्हींनी झोपेतला श्वास मंदावतो.

हेमकुंडाचा दिवस

पहाटे चारला उठा, पाचला चालायला लागा. कारण ऐकून ठेवा, म्हणजे अर्धा तास जास्त झोपायचा मोह होणार नाही. दुपारी खालच्या दरीतून ढग वर येतात आणि बहुतेक दिवस पाऊस धरतो. शिवाय वर मुक्कामाची सोयच नाही, आणि दुपारी दोननंतर कुणाला थांबू देत नाहीत. नवख्याला चढायला साडेचार ते सहा तास लागतात. पाचला निघालात तर दहा-अकराला तलावाशी पोचता. सातला निघालात तर ढगांत पोचता आणि तलाव दिसतच नाही.

निघण्याआधी गटाने एक वेळ ठरवायची: बारा. बाराला जो जिथे असेल तिथून मागे फिरायचं, तलाव दोनशे मीटरवर असला तरी. हे आदल्या रात्री सगळ्यांच्या देखत ठरलेलं असलं पाहिजे. वाटेत ठरवायला गेलात तर ज्याला त्रास होतोय तोच ‘मी येतो ना’ म्हणतो.

सगळ्यात सावकाश चालणारा पुढे. सगळ्यात अनुभवी मागे, आणि त्याच्या मागे कुणी राहायचं नाही. तगडे गडी पुढे पळाले की मागचा त्यांना गाठायला धापा टाकत चालतो, ते थांबलेले दिसले की हा पोचतो आणि तेवढ्यात ते निघतात. विश्रांती पळणाऱ्यालाच मिळते, दमलेल्याला नाही.

वेग किती? चालता-चालता एक पूर्ण वाक्य न थांबता बोलता आलं पाहिजे. ‘अरे, पाण्याची बाटली दे की जरा’ हे तीन तुकड्यांत येत असेल तर वेग जास्त आहे. उभ्या टप्प्यावर पाऊल टाकायचं, मागचा गुडघा सरळ करून क्षणभर त्याच्यावर भार ठेवायचा, श्वास सोडायचा, मग पुढचं पाऊल. पहिल्या अर्ध्या तासात हे हास्यास्पद संथ वाटतं. वाटू द्या. दर पंधरा-वीस मिनिटांनी उभ्या-उभ्या एक-दोन मिनिटं टेका. दहा मिनिटं बसलात तर अंग गार पडतं आणि उठवत नाही. बसायचं ते चहाच्या टपरीवर, जॅकेट चढवून. टपऱ्या वाटेवर बऱ्याच आहेत, चहा-मॅगी मिळते, आणि भाव उंचीबरोबर चढतात, कारण प्रत्येक सिलिंडर खेचराच्या पाठीवरून येतो.

खायला शेंगदाण्याची चिक्की, राजगिऱ्याचे लाडू, खजूर, गूळपोळी. तासाला एक घास, भूक नसली तरी. पाण्याच्या एका बाटलीत ओआरएस.

आता खेचरं. या वाटेवर पाय मोडतात ते बहुधा चढामुळे नाही, खेचरांमुळे. वाट दगडी फरसबंदीची आहे. पावसात लीद आणि चिखल मिसळून तिच्यावर साबणासारखा थर बसतो. घुंगरांचा आवाज आला की थांबा आणि डोंगराच्या बाजूला सरका, अंग कड्याला लावून. दरीच्या बाजूला कधीही उभं राहायचं नाही. खेचराच्या पाठीवरचं ओझं त्याच्या अंगापेक्षा रुंद असतं आणि त्या रुंदीचा अंदाज त्याला नसतो. नुसत्या घासण्याने माणूस कठड्याबाहेर जाऊ शकतो. काठ्या अंगाशी घ्या, आडव्या धरू नका. एक खेचर गेलं की लगेच पाऊल टाकू नका, मागे अजून दोन-तीन असतात.

भोजपत्राची झाडं संपली की उघडा डोंगर लागतो. इथून वारा. याच वरच्या टप्प्यात अटलाकोटीचा हिमनाला आहे. हंगामाच्या सुरुवातीला बर्फ कापून वाट काढलेली असते, दोन्ही बाजूंना बर्फाच्या भिंती. तिथे एकेरी रांगेत, न थांबता, फोटो न काढता पार व्हायचं. वरून बर्फ सुटू शकतो. सकाळी बर्फ काचेसारखा कडक असतो, दुपारी भुसभुशीत होतो आणि धोका वाढतो. राज्य आपत्ती दलाचे जवान किंवा पोलीस थांबा म्हणाले तर थांबायचं, हुज्जत घालायची नाही.

शेवटच्या भागात दोन पर्याय दिसतात: वळणं घेत जाणारी वाट आणि सरळ वर जाणाऱ्या दगडी पायऱ्या. पायऱ्या जवळच्या आहेत म्हणून सगळे तिकडे वळतात. पायऱ्या उंच, असमान आणि हजारांहून जास्त आहेत. चार हजार मीटरवर छाती फोडणारं काम. वळणाची वाट धरा.

डोकं दुखायला लागलं तर

थोडी डोकेदुखी पुष्कळांना होते. पाणी प्या, खा, पंधरा मिनिटं थांबा. तेवढ्यात उतरली तर संथपणे पुढे. डोकेदुखीबरोबर मळमळ, उलटी, चक्कर किंवा विलक्षण थकवा असेल तर त्या माणसाचा चढ तिथेच संपला. वेदनाशामक गोळी देऊन वर नेणं ही सगळ्यात वाईट युक्ती, कारण दुखणं झाकलं जातं आणि आजार पुढे सरकत राहतो.

शंका असेल तर त्याला सरळ रेषेत, टाचेला अंगठा लावत दहा पावलं चालायला सांगा. तोल जात असेल, बोलणं बरळल्यासारखं असेल, तर मेंदूला सूज येत असू शकते. बसलेला असतानाही धाप, सतत खोकला, फेसाळ किंवा गुलाबी थुंकी म्हणजे फुप्फुसांत पाणी. दोन्हींचा पहिला उपाय एकच: ताबडतोब खाली. कंडी, घोडा, जे मिळेल त्याने. सोबत निदान एकाने जायचंच; आजारी माणसाला एकटं खाली पाठवायचं नाही, तो कितीही ‘मी जातो’ म्हणाला तरी.

ऑक्सिमीटर नेत असाल तर त्याचा जाच करून घेऊ नका. या उंचीवर धडधाकट माणसाचा आकडाही ऐंशी-पंच्याऐंशीपर्यंत उतरतो, गार बोटांवर तर यंत्र काहीही दाखवतं. माणूस कसा दिसतोय, बोलतोय, चालतोय ते पाहा.

तलावाशी

आधी कोरडा टीशर्ट घाला. मग बाकी सगळं. चढताना भिजलेलं अंग वर पाच मिनिटांत गारठतं.

गुरुद्वाऱ्यात जाताना डोकं झाकलेलं, पाय अनवाणी. फरशी बर्फासारखी असते, बाहेर आल्यावर घालायला कोरडे मोजे तयार ठेवा. गुरू गोविंदसिंगांनी पूर्वजन्मी इथे तप केलं अशी श्रद्धा आहे. त्यांचा शेवट १७०८ मध्ये नांदेडला झाला, त्यामुळे या वाटेवर नांदेडहून आलेले यात्रेकरू भेटले तर नवल नाही. शेजारीच लक्ष्मणाचं मंदिर आहे. स्थानिक लोक या जागेला लोकपाल म्हणतात. लंगरमध्ये गरम खिचडी आणि चहा. नको म्हणू नका, वरच्या थंडीत त्यासारखं दुसरं काही नाही.

तलावात यात्रेकरू स्नान करतात. तुम्हालाही करायचं असेल तर पोचल्या-पोचल्या नको. अर्धा तास बसा, श्वास आणि घाम दोन्ही शांत होऊ द्या, टॉवेल आणि कोरडे कपडे हाताशी ठेवा. काठाशीच, कंबरेपर्यंतच्या पाण्यात, दोन-तीन बुडक्या आणि बाहेर. गार पाण्याने श्वास एकदम आत ओढला जातो, म्हणून सूर मारायचा नाही. ज्याला सकाळपासून थोडाही त्रास आहे त्याने हात-तोंड धुवावं.

तासाभरापेक्षा जास्त रेंगाळू नका.

उतार

बुटांच्या नाड्या घोट्याशी पुन्हा घट्ट बांधा, काठ्या पाच-दहा सेंटीमीटर लांब करा. पायऱ्यांनी उतरू नका. पावलं लहान, गुडघे किंचित वाकलेले, पाऊल सबंध टेकवून. तीन ते चार तास धरा. घाई होते ती शेवटच्या दोन किलोमीटरांत, घांघरियाची पत्र्याची छपरं दिसायला लागल्यावर. पाय थकलेले, वाट ओली, आणि घोटे मुरगळतात ते इथेच.

रात्री बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ठेवा, सकाळपर्यंत बरेच सुकतात. दुसऱ्या दिवशी सातच्या आत घांघरिया सोडा, म्हणजे पुलन्याला जीपची रांग लांबायच्या आधी पोचाल आणि दुपारच्या आत जोशीमठच्या पुढे निघता येईल. परतीचं रेल्वेचं तिकीट हरिद्वारहून एक दिवस मोकळा ठेवूनच काढा. परतीच्या रस्त्यावर पागल नाला आणि सिरोबगडला दरड आली की गाड्या तासन्‌तास, कधी रात्रभर अडकतात, आणि त्यावर जवळचे बिस्किटाचे पुडे एवढाच उपाय असतो.